विश्लेषण : झोप होऊनही थकवा का जात नाही? हिवाळ्याची सकाळ, शरीराचे घड्याळ आणि विश्रांतीचे गणित

जानेवारीचा मध्य. सकाळचे साडेसहा. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात बाहेर अजून काळोख आहे, पण स्वयंपाकघरातला दिवा लागून तास उलटला आहे. पोळ्या झाल्या, डबे भरले, पाणी तापले आणि शाळेला निघालेले मूल दात घासता घासता बेसिनपाशीच पेंगते आहे. मोठ्यांची अवस्था फार वेगळी नाही. रात्री सात तास झोप होऊनही अंग जड, डोळे चुरचुरतात आणि दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसच्या खुर्चीत मान कलते. ‘थंडीचा आळस, दुसरे काय’ असे म्हणून विषय संपवला जातो.

पण महाराष्ट्रात थंडी ती कितीशी? महाबळेश्वर, नाशिक-निफाडचा पट्टा आणि विदर्भातले काही दिवस सोडले तर स्वेटर कपाटातून निघतो आणि दोन आठवड्यांत परत जातो. तरीही थकवा खरा असतो. त्यात थंडीपेक्षा मोठा वाटा असतो उजेडाचा, म्हणजे तो दिवसात केव्हा मिळतो याचा.

जानेवारीची सकाळ इतकी अंधारी का?

मुंबईत वर्षातला सर्वांत छोटा दिवस, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबर, सुमारे ११ तासांचा असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये उजेड पुरते आठ तासही नसतो आणि ऑस्लोमध्ये सहा तासांच्या आत सगळे आटोपते. मुंबईच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या दिवसातला फरक सव्वादोन तासांचा. म्हणजे आपल्याकडे उजेडाचा दुष्काळ नाही. अडचण घड्याळाची आहे.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला असल्याने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. हे पूर्वी मुंबईकरांना चांगले ठाऊक होते. देशात १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही शहराने स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ जपला आणि तो ३९ मिनिटांचा फरक १९५५ पर्यंत टिकला. नागपूरचा सूर्य मुंबईच्या जवळपास २५ मिनिटे आधी उगवतो. एकाच राज्यात सकाळी सातला भरणारी शाळा एका टोकाला उजेडात आणि दुसऱ्या टोकाला अंधारात भरते, ती त्यामुळे.

यात आणखी एक गंमत आहे. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे खरे, पण ती वाढ आधी संध्याकाळच्या बाजूला होते. सूर्योदय मात्र आणखी उशिरा सरकत राहतो. मुंबईत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण ७ वाजून ८ मिनिटांनी उगवतो, तर जानेवारीच्या मध्याला सव्वासातला. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे या काळात सूर्याची ‘दुपार’ रोज काही सेकंदांनी पुढे जात असते. त्यामुळे संक्रांतीला ‘दिवस वाढायला लागला’ असे आपण संध्याकाळी म्हणतो. पहाटे उठणाऱ्यासाठी मात्र वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या सकाळी त्याच आठवड्यातल्या असतात.

शरीराला उजेड कशाला हवा?

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक छोटा पुंजका शरीराचे मुख्य घड्याळ सांभाळतो. भूक, शरीराचे तापमान, झोप, संप्रेरके असे सगळे त्याच्या तालावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे टिकटिकते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले.

बहुतेक माणसांचे हे घड्याळ अचूक चोवीस तासांचे नसते. ते किंचित लांब असते. म्हणजे त्याच्यावर सोडले तर ते रोज काही मिनिटे मागे पडेल. ते जुळवून घेण्याचे काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात, पाहण्याच्या पेशींव्यतिरिक्त, फक्त उजेडाची तीव्रता मोजून ‘दिवस उजाडला’ एवढाच निरोप मेंदूला देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. हा निरोप उशिरा गेला की रात्रीचे मेलाटोनिन हे संप्रेरक सकाळी रेंगाळते. गजर साडेपाचचा असतो, पण शरीराच्या लेखी तेव्हा मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झालेला असतो.

घरातला दिवा हा निरोप का देऊ शकत नाही? कारण आपला डोळा फार लवकर जुळवून घेतो आणि फसवतो. ट्यूबलाइटच्या उजेडातली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण मोजले तर तिथे शे-दोनशे लक्स भरतात. चांगल्या ऑफिसात तीनशे ते पाचशे. बाहेर, ढगाळ दिवशीही, हा आकडा काही हजारांत जातो आणि स्वच्छ उन्हात कित्येक दहा हजारांत. अंधारात उठायचे, ट्यूबलाइटखाली आवरायचे, लोकल किंवा बसमध्ये बसायचे आणि संध्याकाळी सहानंतर ऑफिसातून बाहेर पडायचे असा दिवस गेला, तर शरीराच्या घड्याळाला आज दिवस झाला की नाही, याचीच शंका राहते.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना ऐन डिसेंबरात आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला पाठवले. मोबाइल नाही, टॉर्च नाही. सूर्य आणि शेकोटी एवढाच उजेड. परत आल्यावर मोजले तर त्यांच्या शरीरात मेलाटोनिन वाढू लागण्याची वेळ सुमारे अडीच तास आधी आली होती. सहभागी अगदी मोजके होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. लवकर झोप न येणे हा दर वेळी स्वभाव नसतो, बरेचदा तो दिव्यांचा परिणाम असतो.

हिवाळ्यात जास्त झोप लागते, म्हणजे आळस?

नाही. नामिबियातील सॅन आणि बोलिव्हियातील त्सिमाने या वीज नसलेल्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या समाजांच्या झोपेची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हिवाळ्यातली झोप उन्हाळ्यापेक्षा जवळपास तासाने जास्त आढळली. तीही विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या, म्हणजे साधारण आपल्यासारख्याच अक्षांशांवर. शरीर हिवाळ्यात थोडी जास्त विश्रांती मागत असेल, तर ती मागणी कामचुकारपणाची म्हणता येणार नाही.

आपण नेमके उलट करतो. दिवाळीनंतर लग्नसराई, नाताळ, ३१ डिसेंबर, जत्रा, शाळांची स्नेहसंमेलने, मार्चपूर्वीची ऑफिसची घाई, सगळे याच चार महिन्यांत. रात्र लांबते आणि सकाळ मात्र जागच्या जागी राहते. मग रविवारी साडेदहापर्यंत झोपून उधारी फेडायचा प्रयत्न होतो. त्या दिवशी बरे वाटते, पण सकाळचा उजेड हुकतो, घड्याळ आणखी मागे सरकते आणि सोमवारची पहाट नेहमीपेक्षा जड जाते. तज्ज्ञ रविवारी उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे न नेण्याचा सल्ला देतात तो यासाठी. कमी पडलेली झोप भरायची तर ती रात्रीच्या बाजूने भरावी, म्हणजे शनिवारी लवकर आडवे व्हावे.

आणि दुपारची वामकुक्षी? ‘१ ते ४ बंद’ या पाटीवरून पुण्याची कितीही चेष्टा झाली तरी शास्त्र त्या दुकानदारांच्या अर्ध्या बाजूने आहे. जेवणानंतर २० मिनिटांची डुलकी ताजेतवाने करते. उरलेल्या अडीच तासांचे समर्थन मात्र अवघड आहे. तासापेक्षा जास्त किंवा चारनंतर झोपले तर रात्रीची झोप त्यातूनच वजा होते.

मग करायचे काय?

सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात २० ते ३० मिनिटे बाहेर असणे. गच्ची, बाल्कनी, सोसायटीचे आवार, बसथांबा, काहीही चालते. सूर्याकडे पाहायचे नाही, फक्त उघड्यावर राहायचे. चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहिले तरी ते याच हिशेबात धरता येते.

पहाटे पाचला अंधारात फिरायला जाणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल, पण हिवाळ्यात त्या वेळी चालण्याचा व्यायाम मिळतो, उजेड नाही. शिवाय थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहिल्याने मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत पहाटे धूर आणि धूळ खालीच साचलेली असते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर ऊन थोडे वर आल्यावरच बाहेर पडणे बरे.

रात्रीच्या बाजूला काम उलटे. झोपण्याच्या दोन तास आधी घरातला मोठा दिवा बंद करून छोटा, पिवळसर दिवा लावावा. मोबाइलच्या पडद्याचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कमी असतो, पण पडद्यावरचा मजकूर झोप उडवतो हेही तितकेच खरे. (हा लेख रात्री अकरानंतर वाचत असाल तर उरलेला सकाळी बाल्कनीत वाचा.) चहा-कॉफीतल्या कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला पाच-सहा तास लागतात. थंडीमुळे वाढलेला संध्याकाळी सहाचा तिसरा चहा रात्री अकरालाही शरीरात असतो.

अंघोळीचेही एक गणित आहे. कढत पाण्याची अंघोळ आपण सकाळी करतो. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने केलेल्या अंघोळीमुळे झोप लवकर लागते असे दिसले. कारण साधे आहे. गरम पाण्याने हातापायांकडचा रक्तप्रवाह वाढतो, शरीर आतली उष्णता बाहेर टाकते आणि शरीराचे तापमान उतरणे हाच झोपेचा इशारा असतो. सकाळची अंघोळ सोडायची गरज नाही. रात्री बादलीभर गरम पाण्यात दहा मिनिटे पाय सोडून बसणे, हा त्याचाच सोपा प्रकार.

कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व मिळते का?

इथे बहुतेकांची गल्लत होते. सकाळी साडेसातचे कोवळे ऊन शरीराचे घड्याळ लावायला उत्तम, पण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी जवळपास निरुपयोगी. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील ‘ब’ किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच अडतात. ते मुबलक मिळतात साधारण सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. काचेतून ते आत येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी किंवा गाडीत बसून ऊन खाण्याने ऊब तेवढी मिळते.

एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. २२ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, नागपुरात ४५ च्या जरासा वर. म्हणजे त्या दिवशी नागपूरकराची सावली दुपारीही जवळपास त्याच्या उंचीइतकीच असते. किरण तेव्हाही मिळतात, पण वेळ जास्त लागतो. जेवणाच्या सुटीत हात आणि चेहरा उघडा ठेवून १५-२० मिनिटे चालले तर घड्याळ आणि जीवनसत्त्व दोन्हींचे थोडे थोडे भागते. कमतरता जास्त असेल तर मात्र ऊन पुरत नाही. रक्ततपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा घ्यावी. दर आठवड्याची जास्त ताकदीची पुडी स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेणे घातक ठरू शकते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हात पुरेसे अतिनील ‘ब’ किरण नसतातच. तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा या काळात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर. हिवाळ्यातील नैराश्य या आजाराचे पहिले सविस्तर वर्णनही अशाच उत्तरेकडच्या प्रदेशातून आले. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी ते १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. दर हिवाळ्यात येणारी उदासी, जास्त झोप, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ आणि वसंतात आपोआप सुटका, असा त्याचा नमुना. त्यावर सकाळी अर्धा तास १० हजार लक्सचा दिवा हा उपचार दिला जातो. डोळ्यांचा आजार किंवा मनःस्थितीतील टोकाचे चढउतार असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

ताटात काय?

फार काही नवे नाही. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मेथी, हरभऱ्याची भाजी, आवळा, पेरू हे हिवाळ्याचे ताट चांगलेच आहे. बाजरीत लोह भरपूर असते, पण वनस्पतींमधले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला जोडीला ‘क’ जीवनसत्त्व लागते, म्हणून भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा. जेवणावर लगेच प्यालेला चहा मात्र हे शोषण अडवतो. तासाभराचे अंतर ठेवले तरी पुष्कळ. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी आणि शेतात राबणाऱ्यांसाठी होते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने एकावर थांबावे. थंडीत तहान कमी लागते, पाणी कमी प्यायले जाते आणि सौम्य डोकेदुखी व मरगळ त्यातूनही येते.

ज्यांना विश्रांतीच मिळत नाही, त्यांचे काय?

आतापर्यंतचे सगळे सल्ले सकाळ स्वतःच्या हातात असणाऱ्यांसाठी आहेत. रब्बीच्या हंगामात गहू, हरभरा, कांद्याला पाणी द्यायचे असते आणि कृषिपंपांची थ्री-फेज वीज अनेक भागांत चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी आली की शेतकरी ऐन थंडीत, ओल्या पायांनी, मध्यरात्री दारे धरायला उभा असतो. जुन्नरसारख्या पट्ट्यात वर बिबट्याची धास्ती. झोपेची वेळ आठवड्यात दोनदा उलटी होणे म्हणजे दर आठवड्याला परदेशवारी करून येण्यासारखे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ती पूर्ण होईल तिथे हा प्रश्न सुटेल, तोवर निदान रात्रीच्या पाळीआधी संध्याकाळी तास-दीड तास झोप काढणे आणि पहाटे परतल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपणे एवढेच हातात राहते. बीडहून आलेली ऊसतोड जोडपी तर याच काळात फडाजवळच्या कोपीत राहतात आणि अंधारातच कोयता हाती घेतात. तिथे बाईचा दिवस चुलीपासून सुरू होतो आणि चुलीपाशीच संपतो.

शहरातही घरोघरी सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी झोपणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिने बाल्कनीत अर्धा तास उभे राहावे असे वाटत असेल, तर आदल्या रात्री भाजी चिरून ठेवणे आणि सकाळचा एक डबा दुसऱ्या कुणी भरणे हा आरोग्याचाच उपाय आहे. शाळेच्या वेळेबाबत राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पाऊल उचलले आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. पाचवीपासून पुढच्यांना तो लागू नाही. किशोरवयात शरीराचे घड्याळ नैसर्गिकपणेच उशिरा सरकते, त्यामुळे सकाळी सातचा वर्ग सर्वाधिक जड त्यांनाच जातो.

थकवा हिवाळ्याचा नसेल तर?

उजेड, झोप आणि जेवण सांभाळूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडत नसेल, तर ऋतूला दोष देणे थांबवावे. सर्वांत आधी हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. ज्या ‘थंडी आली की मला काही सुचतच नाही’ म्हणतात, त्यांतल्या कित्येकींना बारा महिने कमी रक्तावर घर ओढायची सवय झालेली असते. इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे ही लक्षणे सोबत असतील तर थायरॉइडची तपासणी हवी. ‘ब-१२’ आणि साखर यांचीही त्याच वेळी करून घ्यावी. मोठ्याने घोरणाऱ्या आणि तरीही दिवसभर पेंगणाऱ्या व्यक्तीला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो.

एक लक्षण मात्र तपासणीची वाट पाहण्यासारखे नाही. अंघोळीनंतर किंवा बंद खोलीत शेगडी पेटवून बसल्यावर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, गुंगी येणे आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, हे कार्बन मोनॉक्साइड वायूचे लक्षण असू शकते. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आणि झोपताना खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी या दोन्हींनी माणसे दगावतात. घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी अशी गुंगी आली तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावे आणि रुग्णालय गाठावे. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घेणे हा कायमचा उपाय.

उदासी, कशातच रस न वाटणे, भूक-झोपेचा ताल बिघडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.